जुन्या जीआय लाइनीत बॉल व्हॉल्व्ह: बसवायचा कसा आणि गळती तपासायची कशी

व्हॉल्व्ह बसवला, बाहेर थेंब दिसला नाही, की काम झालं असं धरून माणसं पाने पिशवीत टाकतात. सहा महिन्यांनी बाथरूमचा नळ बदलायचा म्हणून तोच व्हॉल्व्ह बंद करतात आणि पाणी येतच राहतं. सांगली-मिरजेत मला असे फोन सारखे येतात. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह चांगला असतो. पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो आणि तपासणी अर्धीच झालेली असते. व्हॉल्व्ह उघडा असताना बाहेर गळत नाही ही एक गोष्ट. बंद केल्यावर आतून पाणी पुढे जात नाही ही दुसरी. ही दुसरी गोष्ट कुणी बघतच नाही.

इथे पाऊण इंची जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी लाइन आणि पितळी बॉल व्हॉल्व्ह (आतला भोकाचा गोळा फिरवून पाणी बंद करणारा) धरून सगळं सांगतो. अर्धा किंवा एक इंची लाइन असेल तर मापं बदलतील, क्रम तोच राहील. तांब्याच्या पाइपबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे, कारण तिथे जोडणीची पद्धतच निराळी आहे.

## १. आधी पाइप ओळखा

पाइपला लोहचुंबक लावा. चिकटला तर जीआय. पिवळसर क्रीम रंगाचा प्लॅस्टिक पाइप सीपीव्हीसी, पांढरा यूपीव्हीसी. लालसर आणि चुंबक न धरणारा तो तांब्याचा. रंग मारलेला असेल तर कोपऱ्यात थोडं खरवडून बघा.

प्लॅस्टिकच्या लाइनीला पुढच्या आट्यांच्या (पाइपावरच्या स्क्रूसारख्या खाचांच्या) पायऱ्या लागू नाहीत. तिथे सॉल्व्हंट (चिकटवायचं द्रावण) लागतं आणि ते त्या-त्या पाइपचंच लागतं. सीपीव्हीसीला यूपीव्हीसीचं सॉल्व्हंट लावलेला सांधा सुरुवातीला धरल्यासारखा वाटतो, गरम पाणी जायला लागलं की सुटतो.

लाइन मीटरच्या अलीकडची, म्हणजे रस्त्यावरच्या मुख्य लाइनीपासून मीटरपर्यंतची असेल, तर तिला हात लावू नका. त्यासाठी महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी आणि परवानाधारक प्लंबर लागतो.

## २. जागा ठरवा

चार गोष्टी बघून जागा नक्की करा.

पहिली म्हणजे दांड्याला जागा. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाव फेरा फिरतो. तो भिंतीला किंवा शेजारच्या पाइपला अडता कामा नये. व्हॉल्व्ह बसवताना तर अख्खा व्हॉल्व्ह गरगर फिरवावा लागतो. भिंत फार जवळ असेल तर दांड्याचा नट काढून दांडा बाजूला ठेवा आणि शेवटी लावा.

दुसरी म्हणजे पान्याला जागा. दोन पाइप पाने एकाच वेळी बसतील एवढी मोकळीक हवी.

तिसरी गोष्ट व्हेंट पाइपची. टाकीजवळ खालच्या लाइनीला जोडलेला आणि टाकीच्या वर तोंड उघडं असलेला उभा पाइप दिसेल, तो हवेचा. व्हॉल्व्ह टाकी आणि व्हेंट यांच्या मध्ये आला पाहिजे, म्हणजे व्हेंट घराच्या बाजूला राहील. उलटं झालं तर व्हॉल्व्ह बंद केल्यावर खालच्या लाइनीत हवा शिरायला वाट उरत नाही. नळ उघडले तरी पाइपातलं पाणी अडून राहतं आणि गीझरमधलं पाणी मागे ओढलं जाऊ शकतं.

चौथी गोष्ट गीझर आणि सोलरची. गीझर आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये बंद करायचा व्हॉल्व्ह कधीही बसवू नका. सोलरच्या टाकीचा व्हेंटही कायम उघडाच राहिला पाहिजे. ही दोन बंधनं मोडली तर टाकी फुटू शकते.

कृष्णेचं पाणी शिरतं अशा सांगलीच्या गावभागासारख्या वस्तीत खालच्या हौदाच्या इनलेटलाही व्हॉल्व्ह हवा, आणि तो जोत्याच्या वर, हात पोहोचेल अशा उंचीवर हवा. आयर्विन पुलाजवळ पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे चढायला लागली की तो बंद करून टाका, म्हणजे लाइनीतून गढूळ पाणी हौदात येणार नाही. झाकणातून येणारं पाणी व्हॉल्व्ह थांबवत नाही, तिथे झाकणाचाच बंदोबस्त करायला हवा.

## ३. सामान आणि हत्यारं

दुकानात नुसता "कॉक द्या" म्हणू नका. आपल्याकडे जुनी माणसं प्रत्येक व्हॉल्व्हला कॉक म्हणतात, आणि मग हातात काहीही पडतं. पितळी, फुल बोअर, पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह असं स्पष्ट सांगा. फुल बोअर म्हणजे आतल्या गोळ्याचं भोक पाइपाएवढं. टाकीच्या लाइनीत मुळातच दाब कमी असतो, तिथे लहान भोकाचा व्हॉल्व्ह बसवला की शॉवर रडायला लागतो. चाकाचा गेट व्हॉल्व्ह मी इथे बसवत नाही. बोअरवेलच्या पाण्यातल्या क्षारानं त्याचं पातं अडकतं आणि नेमकं लागतं तेव्हा पूर्ण बसत नाही.

सोबत एक युनियन (मोठ्या नटानं मधून उघडता येणारा दोन भागांचा जोड), दोन-तीन लांबींची निपलं (दोन्ही टोकांना आटे असलेले छोटे तुकडे), पाऊण इंची बी क्लास जीआय पाइपचा एक तुकडा (निळा पट्टा असतो) आणि टेफ्लॉन टेपची चार रिळं घ्या. तुकडा कशाला ते पुढे कळेल.

हत्यारांत दोन पाइप पाने, हॅक्सॉ आणि २४ दात्यांचं ब्लेड, तारेचा ब्रश, गोल कानस, टेप आणि मार्कर लागेल. बादली, फडकी, टिश्यू पेपर आणि एक साधा पांढरा खडू जवळ ठेवा. आटे पाडायचा डाय घरी नसतो. बरीच हार्डवेअरची दुकानं आणि फॅब्रिकेशनवाले पाइप नेला की आटे पाडून देतात. त्यांना आधी विचारून ठेवा.

तपासणी: व्हॉल्व्ह दुकानातच दहा वेळा उघडबंद करा. दांडा पाइपाच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद. बंद करून एका तोंडातून फुंकर मारा. हवा जात असेल तर तो घेऊ नका.

## ४. वेळ निवडा, पाणी आणि वीज बंद करा

काम सकाळी, नळाचं पाणी येऊन गेल्यावर सुरू करा. संध्याकाळी किंवा बाजार बंद असेल त्या दिवशी पाइप कापायला घेऊ नका. एखादा जुना एल्बो (कोपऱ्यावरचा जोड) तडकला की दुकान गाठावंच लागतं आणि तोवर घर पाण्याविना राहतं. वाड्यात किंवा अपार्टमेंटमध्ये लाइन सामाईक असेल तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा, म्हणजे ते पाणी भरून ठेवतील.

मोटरचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा खटका) पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. टाकीला ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर असेल तर टाकी रिकामी दिसताच तो मोटर चालू करतो. विश्रामबागेतल्या एका बंगल्यात माझ्याकडून हे राहिलं होतं. पाइप कापलेला, मी खाली दुकानात, आणि वर टाकी भरून कापलेल्या तोंडातून पाणी जिन्यावर. घरच्या काकूंचं धान्याचं पोतं भिजलं. तेव्हापासून मी एमसीबी पाडून त्याच्यावर चिकटपट्टी लावतो. गीझरचा एमसीबीही पाडा. पाण्याविना तापलेला गीझर जळतो.

मग टाकी रिकामी करा. वरचा एक नळ आणि सगळ्यात खालचा नळ उघडा. वरून हवा शिरली की खालून पाणी लवकर उतरतं. टाकीत पाणी ठेवायचंच असेल तर आतून टाकीच्या तोंडात घट्ट कापडी गुडदी (बोळा) बसवतात. तसं केलं तर गुडदीला दोरी बांधा आणि दोरी टाकीबाहेर लटकत ठेवा, नाहीतर ती काढायची राहते.

## ५. अर्थिंग: ही पायरी चुकवू नका

जुन्या घरांत विजेचं अर्थिंग जीआय पाण्याच्या लाइनीला जोडलेलं असतं. कुठेतरी पाइपाला क्लॅम्प आणि त्याला तांब्याची किंवा हिरवी वायर दिसते. घरात एखादं यंत्र पाइपाला करंट देत असेल तर तो पाइपातूनच जमिनीत जात असतो. तुम्ही पाइप मधोमध कापता आणि दोन हातांनी दोन टोकं धरता, तेव्हा तो करंट तुमच्यातून जातो.

म्हणून कापण्याआधी संपूर्ण घराचा मेन स्विच बंद करा. पाइपाला टेस्टर लावून बघा. मेन बंद असूनही टेस्टर पेटला तर शेजारच्या घराचा करंट पाइपात आहे. काम तिथेच थांबवा आणि वायरमनला बोलवा. टेस्टर पेटला नाही तरी रबरी चप्पल घालूनच काम करा, कारण टेस्टरवर शंभर टक्के विसंबता येत नाही. अर्थिंगची वायर पाइपाला असेल तर घराला स्वतंत्र अर्थिंग करून घ्या. ते काम वायरमनचं आहे.

## ६. कापणं आणि सोडवणं

जीआय पाइप मधूनच सोडवता येत नाही, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. दोन्ही टोकांना आटे असतात. एक टोक सोडवायला फिरवलं की दुसरं आवळत जातं. लाइनीत युनियन असेल तर तिथून उघडा. नसेल तर पाइप कापावाच लागतो.

दोन एल्बोंमधल्या सरळ पाइपाची लांबी आधी मोजून लिहून ठेवा. मग मध्यावर खूण करून हॅक्सॉनं सरळ कापा. ग्राइंडरनं लवकर कापलं जातं, पण ठिणग्या उडतात आणि भिंतीला लागून असलेल्या वायरींवर जातात. कापताना दोन्ही बाजूंना पाइप कुणीतरी धरावा. लटकता पाइप हादरला की पुढचे जुने सांधे सैल होतात.

आता दोन्ही तुकडे त्यांच्या एल्बोतून सोडवा. एक पाना एल्बोला, दुसरा पाइपाला. एल्बोचा पाना धरायचा, पाइपाचा पाना फिरवायचा. एकाच पान्यानं जोर लावला तर एल्बो फिरतो आणि त्याच्या पलीकडचा सांधा गळायला लागतो. भिंतीत गाडलेल्या सांध्याची अशी गळती महिन्याभरानं रंगाच्या पोपड्यातून दिसते.

सांधा हलत नसेल तर गंज सोडवायचं तेल लावून तासभर थांबा. पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावून हिसका देऊ नका. सांधा सुटतो तेव्हा बरेचदा एल्बोही सुटतो, दोन तुकड्यांत.

तपासणी: कापलेल्या तोंडात बघा. आत गंजाचे फोड वाढून भोक निम्मं झालं असेल किंवा पत्रा पातळ झाला असेल तर जुन्या तुकड्यांवर नवीन आटे पाडू नका. आटे पाडले की पत्रा आणखी पातळ होतो आणि तिथेच फुटतो. बी क्लास पाऊण इंची नवीन पाइपाची जाडी २.६ मिमी असते, तिच्याशी ताडून बघा. पातळ असेल तर आणलेला नवीन तुकडा वापरा. क्षारपड जमिनीत गाडलेल्या लाइनीला हे जास्त लागू आहे. मिरज, पलूस, वाळव्याकडच्या नदीकाठच्या मळ्यांत असा पाइप बाहेरूनही खाल्लेला असतो.

## ७. माप काढा

अंदाजानं कापलेला पाइप युनियनला ताणून बसवावा लागतो आणि ताणलेला युनियन गळतो. म्हणून हिशेब कागदावर करा.

व्हॉल्व्ह, निपल आणि युनियन एकत्र आवळून त्यांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबी मोजा. समजा ती १५० मिमी आली. पाऊण इंची आटे हातानं घट्ट करून वर दीड-दोन फेरे दिले की पाइप साधारण १३ मिमी आत जातो. जुना पाइप समजा १००० मिमीचा होता. मग दोन्ही नव्या तुकड्यांची एकूण लांबी अशी:

१००० − १५० + १३ + १३ = ८७६ मिमी

हे ८७६ दोन तुकड्यांत हवं तसं वाटा. टाकीकडचा तुकडा आखूड ठेवला तर व्हॉल्व्ह टाकीजवळ येतो, आणि तेच बरं. १३ हा आकडा आंधळेपणानं घेऊ नका. आटे पाडून झाल्यावर तुमच्या व्हॉल्व्हमध्ये पाइप खरोखर किती आत जातो ते मोजा.

आटे पाडून घेताना त्यांची लांबी १५ मिमीच्या आसपास ठेवायला सांगा. जास्त लांब आटे पाडले तर पाइप व्हॉल्व्हमध्ये खोल जाऊन आतल्या टेफ्लॉनच्या बैठकीवर (गोळा जिच्यावर टेकतो त्या रिंगेवर) आदळतो. दांडा जड फिरायला लागतो आणि व्हॉल्व्ह आतून गळतो.

## ८. आटे साफ करा, टेप गुंडाळा

तारेच्या ब्रशनं सगळे आटे घासा, एल्बोच्या आतले जुने सूतही (सांध्यात भरलेले धागे) काढा. कापलेल्या तोंडाची आतली कोर गोल कानशीनं गुळगुळीत करा. मग तुकडा उभा धरून आपटा. लोखंडाचे कीस बाहेर पडतात. हेच कीस पुढे व्हॉल्व्हच्या बैठकीला ओरखडे पाडतात.

सूत आणि सफेदा वापरून केलेले जुने सांधे वर्षानुवर्षं टिकतात हे खरं. पण पारंपरिक सफेदा शिशाचा असतो, म्हणून पिण्याच्या पाण्याला मी तो लावत नाही. टेफ्लॉन टेप पुरतो.

पाइपाचं तोंड तुमच्याकडे करा आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळा. उलट गुंडाळला तर आवळताना तो गोळा होऊन बाहेर येतो. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे धागे पाण्यात जातात आणि नळाच्या जाळीत अडकतात. बाजारातला पातळ टेप असेल तर आठ-दहा वेढे द्या, ताणून, आट्यांचा आकार वरून दिसत राहील इतके.

एकदा आवळलेला सांधा उलटा फिरवायचा नाही. दांडा भिंतीकडे आला म्हणून पाव फेरा मागे घेतला, की तो सांधा गेला. तसं झालं तर पूर्ण उघडा, टेप काढा, नव्यानं गुंडाळा.

## ९. टाकीची बाजू आधी बसवा

क्रम असा: टाकीकडचा तुकडा एल्बोत, त्यावर व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हच्या पुढच्या तोंडात निपल, निपलावर युनियनचं अर्धं. घराकडचा तुकडा अजून लावायचा नाही.

युनियन कायम व्हॉल्व्हच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला हवा. तो टाकीच्या बाजूला लावला तर पुढे कधी लाइन उघडायची झाली की व्हॉल्व्ह बंद करून काही उपयोग होत नाही, अख्खी टाकी रिकामी करावी लागते.

व्हॉल्व्ह आवळताना पाना त्याच तोंडाच्या षटकोनावर लावा, जे तोंड तुम्ही आवळताय. बॉल व्हॉल्व्हचं अंग दोन भागांचं असतं. लांबच्या तोंडाला पाना लावून फिरवलं तर मधला सांधा सैल होतो किंवा जास्त आवळून गोळा जाम होतो. हातानं घट्ट, मग पान्यानं दीड ते दोन फेरे. एवढ्यात दांडा तुमच्याकडे येईल असं बघा.

## १०. पहिली परीक्षा: घराची बाजू जोडण्याआधी

आता व्हॉल्व्हच्या पुढचं तोंड मोकळं आहे. व्हॉल्व्ह खरोखर बंद होतो का, हे डोळ्यांनी बघायची संधी एवढीच. घराची बाजू जोडली की ते तोंड दिसत नाही.

तोंडाखाली बादली धरा. व्हॉल्व्ह उघडा ठेवून टाकीत पाणी येऊ द्या (गुडदी घातली असेल तर काढा) आणि दहा-पंधरा लिटर पाणी वाहून जाऊ द्या. आतले कीस, गंज, वाळू निघून जातात. कीस आत असताना व्हॉल्व्ह बंद केला तर गोळा त्यांना बैठकीत दाबतो, म्हणून आधी धुणं, मग बंद करणं.

आता व्हॉल्व्ह बंद करा. तोंड आतून-बाहेरून फडक्यानं कोरडं करा, टिश्यू पेपरची गुंडाळी तोंडात सैल ठेवा आणि अर्धा तास थांबा. टिश्यू कोरडा तर व्हॉल्व्ह पास. ओला झाला तर दोन-तीनदा उघडबंद करून, पुन्हा पाणी वाहवून, पुन्हा बघा. तरीही ओला झाला तर व्हॉल्व्ह बदला. आत्ता बदलायला एक सांधा उघडावा लागतो, नंतर सगळंच.

## ११. घराची बाजू जोडा

घराकडचा तुकडा खालच्या एल्बोत बसवा, त्यावर युनियनचं दुसरं अर्धं. युनियनची दोन्ही तोंडं आरशासारखी स्वच्छ पुसा. युनियनच्या मोठ्या नटाच्या आट्यांना टेप लावायचा नसतो. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, दोन धातूंची तोंडं एकमेकांवर बसून अडवतात. टेप लावला की नट घट्ट वाटतो आणि तोंडं मात्र पुरती बसलेली नसतात.

दोन्ही पाइप एका रेषेत आहेत का ते बघा. नट हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे. फिरत नसेल तर रेष चुकलेली आहे. पान्यानं ओढून सरळ करू नका, क्लॅम्प सैल करून पाइप जागेवर आणा. मग पान्यानं आवळा, आणि दुसऱ्या पान्यानं व्हॉल्व्हकडचं अर्धं धरून ठेवा.

खालचे नळ उघडून, त्यांच्या जाळ्या काढून, व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. फडफड आवाज करत हवा निघेल. पाणी अखंड आणि स्वच्छ आलं की एकेक नळ बंद करा, आधी खालचा, शेवटी वरचा.

## १२. दुसरी परीक्षा: उघड्या व्हॉल्व्हची

नवीन सांधे आणि ज्यांना पाना लागला ते सगळे जुने सांधे कोरडे पुसा. त्यांच्यावर खडू फिरवा. कोरडा खडू पांढरा राहतो, पाणी लागलं तिथे करडी रेघ उमटते. डोळ्याला न दिसणारा पाझर असा सापडतो. सांध्यांच्या खाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा. पंधरा मिनिटांनी, एका तासानं आणि मग रात्रभरानंतर सकाळी बघा.

टाकीतली पातळी बघून गळती कळेल या भरवशावर राहू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरहून थोडं जास्त. एक मीटर व्यासाच्या टाकीत ते दिवसभरात जेमतेम पाच मिलिमीटर होतं, रात्रीत दोनसुद्धा नाही. खालची भिंत मात्र तेवढ्यानं ओली होते.

थंडीत साताऱ्याकडे किंवा पावसाळ्यात कुठेही पाइपाला घाम येतो. तो पाइपाच्या सगळ्या अंगावर येतो. गळती सांध्यापासून सुरू होते आणि तिथूनच खाली उतरते. शंका आली तर पुसून, खडू लावून पुन्हा बघा.

### दाबाचं गणित

दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक किलो दाब देतं. टाकीजवळच्या व्हॉल्व्हवर मीटरभर पाणी असतं, म्हणजे एक दशांश किलो. दुमजली घराच्या खालच्या नळाशी सहा मीटर, म्हणजे शून्य पॉइंट सहा. टाकीच्या लाइनीला रात्रभराची वरची तपासणी पुरते. पण व्हॉल्व्ह प्रेशर पंपाच्या लाइनीत असेल तर हातानं दाब द्यायच्या टेस्ट पंपानं तपासून घ्या. गीझर लाइनीतून सोडवा, लाइन पाण्यानं भरून हवा पूर्ण काढा, चालू दाबाच्या दीडपट दाब द्या आणि तासभर पंपाच्या दाबाचा काटा बघा. जुनी जीआय लाइन याहून जास्त दाबू नका, वीस वर्षांपूर्वीचे सांधे त्यात सुटतात.

कॉम्प्रेसरच्या हवेनं टेस्ट करू नका. पाण्यात सांधा सुटला तर पाणी उडतं. दाबलेल्या हवेत सुटला तर तुकडे उडतात.

## १३. गळालंच तर

आट्यांच्या सांध्यातून पाझर असेल तर पाव फेरा देऊन बघा, त्याहून जास्त नाही. पितळी व्हॉल्व्हचं तोंड जास्त जोरानं तडकतं, आणि ती तडक बारीक असल्यानं टेपचाच दोष वाटतो. पाव फेऱ्यानं थांबलं नाही तर उघडून नवीन टेप.

युनियनमधून येत असेल तर उघडा, तोंडं पुसा, रेष तपासा. तोंडावर ओरखडा दिसला तर युनियन बदला.

दांड्याच्या मुळाशी ओल दिसली तर दांडा काढून त्याखालचा छोटा नट अगदी थोडा आवळा. मग दांडा सहज फिरतो का बघा. पाझर बंद झाला आणि दांडा जड झाला, तर जास्त आवळलं आहे.

व्हॉल्व्हच्या अंगातून येत असेल तर एम-सील लावू नका. बदला.

## तांब्याचा पाइप असेल तर

काही ठिकाणी गीझरची किंवा गरम पाण्याची लाइन तांब्याची असते, महाबळेश्वर-पाचगणीकडच्या एखाद्या जुन्या बंगल्यात किंवा हॉटेलात दिसेल. त्यावर आटे पाडता येत नाहीत, पत्रा पातळ असतो. तिथे कॉम्प्रेशनचा व्हॉल्व्ह घ्या, पाइपाचा बाहेरचा व्यास मोजून. १५ मिमीच्या पाइपाला अर्धा इंची जीआयचं सामान बसत नाही.

पाइप चक्रीच्या कटरनं कापा, हॅक्सॉनं तोंड वाकडं होतं. आतली-बाहेरची कोर साफ करा. आधी नट, मग पितळी रिंग पाइपावर सरकवा, पाइप व्हॉल्व्हमध्ये आत टेकेपर्यंत घाला, नट हातानं घट्ट करा आणि पान्यानं एक ते सव्वा फेरा द्या. जास्त दिला तर रिंग पाइपाला चेपते आणि सांधा पुन्हा कधी धरत नाही. रिंगेच्या सांध्याला टेफ्लॉन लागत नाही. डाग देऊन (सोल्डर करून) जोडायचं असेल तर लाइनीत थेंबभरही पाणी नको, कारण वाफ डाग बसू देत नाही, आणि व्हॉल्व्हवर ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर आतली टेफ्लॉनची बैठक वितळते.

तांब्यातून येणारं पाणी पुढे जीआयमध्ये सोडू नका. पाण्यात आलेलं तांबं जीआयचा जस्ताचा थर खातं आणि पाइपाला भोकं पडतात. तपासणी मात्र वर सांगितली तशीच करायची, दोन्ही परीक्षा.

## १४. पाने ठेवण्याआधी

- डायनं कापलेले आणि बाहेर उघडे राहिलेले आटे पुसून कोरडे करा आणि रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. तिथला जस्ताचा थर निघालेला असतो, गंज तिथूनच सुरू होतो.
- व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना पाइपाला क्लॅम्प मारा. दांडा फिरवताना पाइप हलला तर सांधे कालांतरानं सैल होतात.
- व्हॉल्व्हवर रंगानं लिहा: कुठला मजला, कुठली खोली. घरातल्या सगळ्यांना तो एकदा बंद करून दाखवा, आजीलाही.
- गुडदी निघाली का, नळांच्या जाळ्या परत लावल्या का, ते बघा. गीझर पाण्यानं भरल्याची खात्री गरम पाण्याचा नळ उघडून करा आणि मगच त्याचा एमसीबी वर करा. मोटरच्या एमसीबीवरची चिकटपट्टी शेवटी काढा.
- दोन-तीन महिन्यांनी एकदा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून उघडा. बोअरचं पाणी असेल तर दर महिन्याला. महिनोन्‌महिने न हलवलेल्या गोळ्यावर क्षार बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी गच्चीवर जा आणि खडूच्या रेघा बघा. नंतर व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ उघडा. लाइनीतलं पाणी निथळून थेंब थांबायला काही मिनिटं लागतात. थांबल्यावर नळाखाली कोरडी वाटी ठेवा आणि अर्ध्या तासानं बघा. वाटी कोरडी असेल तर पाने जागेवर ठेवायला हरकत नाही.